निसर्ग : नकाशा क्रमांक सतरा

काकूंनी मागितला होता एक दगड. एकच. बसायला सपाट, नदीला लागून, पाय खाली सोडले तर पाण्याला टेकतील असा. सकाळचा दुसरा चहा तिथे बसून प्यायचा, बस्स. पहिला चहा घराचा, असं काकू म्हणायच्या. तो डबे भरता भरता उभ्यानेही होतो. दुसरा आपला स्वतःचा. पस्तीस वर्षं भाड्याच्या तीन खोल्यांत त्यांनी हा दुसरा चहा समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या चादरी बघत प्यायला होता. आता काकांच्या निवृत्तीनंतर नदीकाठी स्वतःचं घर झालं, मागचं दार उघडलं की चाळीस पावलांवर पाणी, तेव्हा एका दगडाची मागणी काही फार नव्हती. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने दोन गडी बोलावून तासाभरात दगड टाकला असता आणि आंघोळीला गेला असता.

पण काकूंचे यजमान म्हणजे काटकोनकाका. हे नाव त्यांना ऑफिसात पडलं आणि निवृत्तीच्या सामानाबरोबर घरी आलं. पाणीखात्याच्या नकाशाघरात चौतीस वर्षं त्यांनी सरळ रेघा मारल्या होत्या. जेवताना शेजारच्याचा चमचा तिरका पडलेला दिसला तर काकांचा घास घशाखाली उतरत नसे. लोकांच्या घरी गेले की भिंतीवरच्या तसबिरी सरळ करून येत, आणि वर 'काही नाही, सहज' म्हणत. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी त्यांना पितळी टोकाची काठी दिली. पाय चांगले ठणठणीत होते, पण भेट ती भेट. तेव्हापासून काठीशिवाय काकांना कुणी पाहिलेलं नाही.

दगडाची कल्पना काकांना एकदम पसंत पडली होती. घोटाळा झाला तो दातांच्या दवाखान्यात. तिथे बाहेरच्या खोलीत एका जुन्या मासिकात त्यांना लेख सापडला : नदीकाठच्या घराची बाग कशी असावी? तर केलेली आहे हे कळू नये अशी असावी. भोवतालच्या निसर्गात ती विरघळून जावी. मासिकाचं पान फाडणं हा काकांच्या मते दरोडा, म्हणून त्यांनी तो लेख तिथे बसून वहीत उतरवायला घेतला. एका बैठकीत झाला नाही, म्हणून न दुखणाऱ्या दाढेसाठी आणखी दोन चकरा मारल्या. त्यात ती दाढ गेली. बिचारी.

"दगड असा हवा," घरी आल्यावर काका सुजल्या तोंडाने म्हणाले, "की तो ठेवलाय असं वाटता कामा नये."

"मी वर बसले की दिसणारच नाही तो," काकू म्हणाल्या.

"तसं नाही. एकटा दगड उठून दिसेल. म्हणजे भोवती गवत हवं. गवत हवं म्हणजे कुंपण नको. कुंपण नको म्हणजे आपली बाग कुठे संपते आणि नदीकाठ कुठे सुरू होतो, हे कुणाच्या बापाला कळता कामा नये!"

नवऱ्याच्या बोलण्यात एकामागोमाग तीन 'म्हणजे' आले की पुढचे तीन महिने गेले, हा काकूंचा जुना अनुभव. त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या.

शेजारी एक बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर राहत. त्यांच्या बागेत कापून-विंचरून ठेवलेली हिरवळ होती आणि सिमेंटचे दोन हंस होते, माना वाकवलेले. दर वर्षी मॅनेजर स्वतःच्या हाताने त्यांना पांढरा रंग देत. काकांचा बेत ऐकल्याबरोबर ते कुंपणाशी आले, कारण न मागता सल्ला द्यायची सवय निवृत्तीबरोबर सुटत नाही.

"कुंपण काढणार? काटकोन, तुम्हाला ऊन लागलंय! बागेला कडा पाहिजे. कडा नाही ती बाग नाही, माजलेलं रान."

"रानच करायचंय."

"तुम्ही? तुम्ही रान करणार?" मॅनेजर इतके हसले की त्यांना हंसाचा आधार घ्यावा लागला. "अहो, तुमच्या घरचं मांजरसुद्धा पायरीच्या मधोमध बसतं!"

हे काकांना लागलं. मांजराबद्दलचं खरं होतं म्हणून जास्तच लागलं. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी पैज ठरली. एखाद्या तिऱ्हाइताने येऊन सांगायचं, की यातली बाग कुठली आणि काठ कुठला हे कळत नाही. तसं झालं तर मॅनेजर आपले दोन्ही हंस काकांना देणार.

"मला नकोत तुमचे हंस," काका म्हणाले.

"बघा, आत्ताच माघार!"

"माघार? लागली पैज!"

आता ही काय पैज झाली, तुम्हीच सांगा. हरले तर अब्रू जाणार आणि जिंकले तर घरात हंस येणार. पण माणूस एकदा इरेला पेटला की हिशेब कोण करतो?

दुसऱ्या दिवशी माळीबुवांना बोलावणं गेलं. माळीबुवा पन्नाशीचे, कमी बोलणारे, कमरेने जरा नाजूक. काकांनी त्यांना अख्खा लेख वाचून दाखवला.

"म्हणजे मी काम करायचं," माळीबुवा म्हणाले, "पण काम केलेलं दिसायला नको."

"अगदी बरोबर!"

"असलं काम माझा मेहुणा फार चांगलं करतो." मग म्हणाले, "खरं सांगू का काका? कुंपण काढा आणि सहा महिने हातच लावू नका. आपोआप रान होईल."

"आपोआप नको," काका म्हणाले. "व्यवस्थित व्हायला हवं."

नदीकाठचं कुंपण काढायला पाणीखात्याच्या ऑफिसची परवानगी लागते, हे काकांना माहीत होतं. दुसऱ्या कुणी तारा कापून भंगारात घातल्या असत्या. काका खिडकी क्रमांक तीनसमोर रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनाने सगळे खण उघडून पाहिले. कुंपण घालायचा अर्ज होता, वाढवायचा होता, दुरुस्तीचा होता. काढायचा नव्हता.

"आजवर कुणी काढलंच नाही हो," तो म्हणाला. "एक करा, घालायचाच भरा. 'घालणे' खोडा, वर 'काढणे' लिहा, बाजूला सही ठोका."

छापील अर्जावर खाडाखोड! काकांच्या तळहाताला घाम फुटला. अखेर त्यांनी खिशातली पट्टी काढली, 'घालणे'वर ठेवली आणि देखणी सरळ रेघ मारली. शिक्का पडला. पण तो अर्ज कुठल्याच फायलीत बसेना. कारकुनाने दोन-तीन फायली चाळल्या, डोकं खाजवलं आणि शेवटी तो 'मोकळा नदीकाठ' अशा फायलीत सरकवून दिला. हे काकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांना गंमत वाटली. सुरुवात तर छान झाली, असं ते घरी येऊन म्हणालेसुद्धा.

मग नकाशे सुरू झाले. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला, वर शीर्षक : 'निसर्ग : नकाशा क्रमांक एक'. लव्हाळ्याच्या प्रत्येक ठोंबासाठी एक बारीक वर्तुळ, नेच्यासाठी चांदणी, दगडासाठी चौकोन. चौकोन पाहून काकू हसल्या, म्हणून काकांनी तो खोडून अंडाकृती केला. कोपऱ्यात सुबक अक्षरात टीप होती : 'येथे अस्ताव्यस्त.' नकाशा एक जरा फारच नीट झाला, म्हणून दोन. दोन मुद्दाम केल्यासारखा वाटला, म्हणून तीन. तीन आठवडे त्या टेबलावर कुणी जेवलं नाही. कुंपण निघाल्याबरोबर पहिली पाहुणी म्हणून एक शेळी आली आणि पायरीवर वाळत ठेवलेला नकाशा क्रमांक सोळा खाऊन गेली. काका तिच्यामागे नदीपर्यंत धावले. सतराव्यावर मात्र त्यांनी लाल शाईने 'अंतिम' असं लिहिलं आणि तो काचेखाली ठेवला.

पाण्याजवळ हद्दीचे दोन सिमेंटचे खांब होते, आकडे कोरलेले. ते तसेच उभे ठेवले तर निसर्ग कसला? पण हद्दीचा खांब हलवणं हे नकाशाघरात महापाप समजलं जाई. काका बराच वेळ त्या खांबांपुढे उभे राहिले, इकडेतिकडे बघून हळूच 'माफ करा' म्हणाले, आणि मग माळीबुवांकरवी त्यांना गवतात आडवं करवलं. लेखात लिहिलं होतं की नव्या दगडावर शेवाळ धरायला दही फासावं. काकूंनी लावलेलं सगळं दही खांबांवर गेलं. तासाभरात वस्तीतली अकरा मांजरं ओळीने येऊन बसली आणि त्यांनी खांब असे चाटून लखलखीत केले की त्यांवरचे आकडे लांबून वाचता यावेत. पुढे माळीबुवांनी काही न सांगता त्यांवर नदीतला गाळ थापला. शेवाळ आलं आणि काकांनी त्याचं श्रेय दह्याला दिलं.

लागवडीचा दिवस उजाडला. लव्हाळ्याचे ठोंब पोत्यांतून आले. नकाशा वाऱ्यावर उडायला लागला, तेव्हा तो घरात ठेवून काका स्वतःच उतारावर उभे राहिले.

"कुठे लावू?" माळीबुवांनी विचारलं.

"कुठेही! निसर्ग कुणाला विचारतो का?"

माळीबुवांनी पाय दिला तिथे खड्डा घ्यायला कुदळ उचलली.

"अहो, तिथे नाही! इथे." काकांनी हातातली काठी गवतात आडवी ठेवली आणि तिच्या टोकाशी बोट दाखवलं.

"तुम्ही म्हणालात कुठेही."

"हो. कुठेही म्हणजे इथे."

दिवसभर हेच चाललं. काठी आडवी, टोकाशी ठोंब. काठी वळवली, टोकाशी ठोंब. काका मनाला येईल तिकडे वळत होते. कधी डावीकडे, कधी नदीकडे, कधी डोळे मिटूनसुद्धा. आपण किती बेफिकीर वागतोय याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. मधे एकदा त्यांना जोरात शिंक आली, एवढाच काय तो खंड.

राहिला काकूंचा दगड. तो खाणीतून आला, छान सपाट, काळासावळा. पण ठेवला की ठेवल्यासारखा दिसे. काकांनी तो दहा वेळा हलवायला लावला. अकराव्या वेळी माळीबुवांच्या कमरेत चमक भरली, हातातली पहार सुटली, आणि दगड गडगडत उतारावरून खाली गेला तो पाण्याच्या कडेला चिखलात रुतून बसला.

"आता एक तर तो तिथून हलायचा नाही," माळीबुवा कमर धरून म्हणाले, "नाहीतर मी इथे यायचा नाही."

"पण तो नकाशात तिथे नाहीये! आणि तिरका पडलाय!"

काकू म्हणाल्या, "अहो, असू द्या ना. मला चालेल."

"तुला चालेल गं, पण मला झोप लागायची नाही. थांब थोडी. माळीबुवांची कमर बरी झाली की करू नीट."

काकू थांबल्या. एवढी वर्षं थांबल्या, त्यात आणखी थोडे दिवस. दुसरा चहा मागच्या पायरीवर, मांजराशेजारी होऊ लागला.

आणि मग, खोटं कशाला बोला, बाग जमली. दोन-अडीच महिन्यांत लव्हाळी कमरेएवढी झाली, नेचे पसरले, कुठूनशी बदकं आली. नदीवरून चालत येणारी माणसं न थबकता सरळ आत येऊ लागली. एक मासे धरणारा गृहस्थ रोज सकाळी गळ घेऊन येई आणि कुठे बसे? काकूंच्या दगडावर. काकूंनी नवऱ्याकडे बघितलं.

"त्याला उठवा ना."

"उठवू? अगं, वेडी का काय! त्याला हा नदीकाठ वाटतोय. याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं?"

एका रविवारी तर एक अख्खं कुटुंब चटई, डबे, दोन आज्या आणि चेंडू घेऊन आलं. जुनी टोपी घालून उभ्या असलेल्या काकांना त्यांच्यातल्या थोरल्या आजींनी विचारलं, "का हो, तुम्ही इथले राखणदार का?"

"हो," काका म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की आजींनी त्यांना एक लाडू दिला.

"आणि एवढ्या सुंदर काठावर ते घर कुणी बांधू दिलं? काही लाजलज्जा असते की नाही माणसांना!"

"नसते हो काही लोकांना," काका लाडू खात म्हणाले. पलीकडे मॅनेजर हे सगळं ऐकत होते. त्यांनी हंसांवर चादर टाकली आणि आत गेले.

मंगळवारी नोटीस आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. 'मोकळा नदीकाठ' या फायलीची वार्षिक तपासणी झाली होती. काठावर हद्दीचे खांब नाहीत, कुंपण मालकाने स्वतः अर्ज करून काढलं आहे, आणि नैसर्गिक नदीकाठ थेट घराच्या मागच्या पायरीपर्यंत आहे. सबब, सदर काठाचं सदर घरापासून रक्षण करण्यासाठी पायरीला लागून आठ फुटी भिंत का बांधू नये, याचा खुलासा करावा. गुरुवारी अधिकारी पाहणीला येतील.

काकांनी ती दोनदा वाचली. मग काकूंना वाचून दाखवली, कारण लपवून लपवणार किती? काकू चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे नदी दिसायचीसुद्धा नाही आता," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चादर तरी वाळत घालता येईल भिंतीवर."

त्या रात्री काकांना जेवण गेलं नाही, आणि टेबलावरचे चमचे सगळे तिरके होते.

गुरुवारी अधिकारी म्हणून एक मॅडम आल्या. वय फार तर तीस, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, खांद्याला मोजणीची टेप. मागच्या दारात उभ्या राहून त्यांनी एक लांब श्वास घेतला.

"काय सुरेख काठ आहे! आणि तुम्ही म्हणता ही बाग?"

काकांची छाती फुगली. काकूंनी कोपर मारलं, तेव्हा ती खाली बसली.

"बागच आहे मॅडम. मी केलेली."

"मग केलेली आहे हे दाखवा. दुसरं काही नको मला."

काकांनी काचेखालचा नकाशा आणला. मॅडमनी तो उजेडाकडे धरला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "हे अक्षर! आमच्याकडच्या जुन्या नकाशांवर हेच अक्षर आहे. आम्ही यावरून शिकलो हो, काका!" काकांना भरून आलं. "पण," मॅडमनी नकाशा खाली ठेवला, "काठ बघूनही नकाशा काढता येतो. तुम्ही तर जन्मभर तेच केलंत. आधी काय झालं, हे मी कसं ठरवू?"

माळीबुवांना पुढे केलं. "लावलं मीच," ते म्हणाले. कुठलं लावलेलं आणि कुठलं आपसूक आलेलं, असं मॅडमनी विचारल्यावर त्यांनी उतारावर नजर फिरवली आणि प्रामाणिकपणे मान हलवली. "आता मलाही ओळखू येईना बघा."

तेवढ्यात मॅनेजर धावत आले. माणूस तोंडाचा फाटका, पण मनाचा चांगला. शेजाऱ्याच्या दारात भिंत उभी राहतेय म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. "मॅडम, मी साक्ष देतो! यात काडीइतका निसर्ग नाही. सगळं बनावट! नाटकातला पडदा बरा! एखादं पोरही सांगेल की हे कुणीतरी ओढूनताणून केलंय!"

"काय बनावट?" काका गर्रकन वळले. "कुठे दिसतं ओढूनताणून?"

"अहो, तुमच्याच बाजूने बोलतोय मी," मॅनेजर दात आवळून कुजबुजले.

"बाजू गेली खड्ड्यात! एक जागा दाखवा! एक तरी जागा दाखवा, जिथे हे केलेलं आहे असं कळतं!"

"म्हणजे तशी एकही जागा नाही?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"एकही नाही!" काका ताठ मानेने म्हणाले.

मॅडमनी नाइलाजाने वही उघडली. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू नदीकडे बघत होत्या. परत कधी येईल की नाही कोण जाणे, अशा पाहुण्याला निरोप देताना माणूस बघतं, तशा बघत होत्या. पस्तीस वर्षांत हिने एक गोष्ट मागितली आणि ती आपण नकाशात घातली, हे त्यांना तेव्हा लख्ख कळलं.

"मॅडम, लिहू नका," ते म्हणाले. "चूक माझी आहे. हिला एक दगड हवा होता बसायला. मीच शहाणपणा केला. भिंत घालायची तर घाला, पण दगडाएवढी वाट ठेवा हो. हिला दुसरा चहा तिथे प्यायचाय." एवढं बोलून ते मटकन गवतातच बसले आणि हातातली काठी त्यांनी बाजूला टाकली.

काठी दोन ठोंबांच्या मधे पडली. इकडचं टोक इकडच्या ठोंबाला, तिकडचं तिकडच्याला. मधे बोट घालायला जागा नाही.

मॅडम बघतच राहिल्या. मग त्यांनी काठी उचलली, त्या ठोंबापासून पुढच्या ठोंबापर्यंत धरली. बरोबर. पुढच्याला. बरोबर. त्यांनी खांद्यावरची टेप काढली आणि त्या गुडघ्यांवर बसल्या. मोजणाऱ्या माणसाला मोजायला मिळालं की कसा आनंद होतो, ते त्या जातीच्या माणसांनाच ठाऊक.

"एकोणनव्वद सेंटिमीटर... एकोणनव्वद... एकोणनव्वद... काका, तुमची काठी केवढी हो?"

"एकोणनव्वद," काकांनी कसंबसं उत्तर दिलं. त्यांना एकाएकी सगळं आठवलं होतं.

पाऊण तास मॅडम उतारभर फिरल्या. डावीकडे एकोणनव्वद, नदीकडे एकोणनव्वद, डोळे मिटून लावलेलेसुद्धा एकोणनव्वद. हसू आवरेना म्हणून त्यांनी तोंडासमोर वही आडवी धरली. एकदाच त्या थांबल्या. "इथे मात्र ब्याण्णव आहे."

"बघा!" काका आशेने उठून उभे राहिले.

"तिथे काकांना शिंक आली होती," माळीबुवा म्हणाले.

काकू हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग पायरीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांना बघून मॅनेजर हसले, मॅडम हसल्या, आणि कमी बोलणारे माळीबुवा कमर धरून धरून हसले. काका एकटे गंभीर उभे होते.

मॅडमनी अहवाल लिहिला आणि वाचून दाखवला : 'सदर निसर्ग नैसर्गिक नसून मालकाने काठीने मोजून लावलेला आहे. ही बाग असल्याबद्दल कसलीही शंका उरत नाही. भिंतीची गरज नाही. हद्दीचे खांब मात्र उभे करावेत.' खाली 'वरील मजकूर मान्य' असं लिहून त्यांनी पेन काकांपुढे धरलं. काकांनी आयुष्यात हजारो सह्या केल्या असतील, पण एवढी जड कुठली केली नव्हती.

"मॅडम," सही झाल्यावर त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "इथे एकही गोष्ट तुम्हाला खरी वाटली नाही?"

मॅडमना दया आली असावी. त्यांनी उतारावरून नजर फिरवली आणि पाण्याकडे बोट दाखवलं. "तो तिरका काळा दगड. तो कुणी ठेवलेला नाही. तो नदीबरोबर पहिल्यापासून इथे असणार."

काकांनी माळीबुवांकडे पाहिलं. माळीबुवांनी आभाळाकडे पाहिलं.

संध्याकाळी पैजेचा निकाल लागला. मॅडमनी आधी काठ म्हटलं आणि नंतर बाग म्हटलं, म्हणजे पैज आपण अर्धी हरलो, असा न्याय मॅनेजरांनी स्वतःच केला आणि एक हंस उचलून आणून दिला. काकूंनी तो लव्हाळ्यात आत, मान नदीकडे करून ठेवला. दुसऱ्या दिवशी एक खरं बदक त्याच्याशी भांडत होतं.

त्याच सकाळी काकू दुसरा चहा घेऊन उतारावरून खाली गेल्या. मासेवाले गृहस्थ आधीच येऊन बसले होते. काका पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही थोडं पलीकडे बसाल का? ही जागा राखीव आहे. गेली पस्तीस वर्षं." ते भले गृहस्थ 'माफ करा' म्हणून लगेच उठले आणि शेवाळलेल्या खांबापलीकडे गेले. काकू बसल्या. चपला काढल्या, पाय खाली सोडले. दगड पाण्याकडे जरा कलता होता, म्हणूनच पाय टेकले. सरळ असता तर चार बोटं वर राहिले असते.

काकूंनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. काका शेजारी उभे.

"छान आहे?" त्यांनी विचारलं.

"उभे काय राहिलात राखणदारासारखे? बसा ना."

"कुठे बसू?"

"कुठेही."

काकांनी गवताकडे पाहिलं. मग हळूच, सवयीने, दगडाच्या कडेपासून काठी आडवी ठेवली आणि तिच्या टोकाशी बसायला वाकले. काकूंनी डोळे न उघडताच हात लांब केला, काठी उचलून आपल्या पाठीमागे ठेवली आणि दगडावरच जराशा सरकल्या.

"कुठेही म्हणजे इथे," त्या म्हणाल्या.